उजळते ते नेमके काय?

फेब्रुवारी १९११मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार गुस्ताव माहलरचे रक्त काढून जॉर्ज बेअर या तरुण डॉक्टरने ते पोषक माध्यमात वाढत ठेवले. काही दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकॉकसच्या वसाहती दिसल्या. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडले होते. औषध नव्हते, मे महिन्यात व्हिएन्नात माहलरचे निधन झाले. निदानाबद्दल मात्र शंका उरली नाही, कारण रोग करणाराच काचपात्रात उगवला होता.

आज या रोगासाठी ज्या 'रेणवीय प्रतिमा' काढतात, त्यांच्याबद्दल असे म्हणता येत नाही. माझा आक्षेप इथे आहे. पेट-सीटीत फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर शिरेतून देतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. चवताळलेल्या पांढऱ्या पेशी ती अधाशासारखी ओढतात आणि पडद्यावर तेवढी जागा उजळते. म्हणजे दिसते ती जंतूंची वस्ती नव्हे, तिच्यावर चालून आलेली फौज. नुकत्याच शिवलेल्या कृत्रिम झडपेभोवतीही फौज असते, जखम भरून काढायला. म्हणूनच २०२३च्या ड्यूक निकषांत झडप बसवल्यापासून तीन महिन्यांच्या आतली पेट प्रतिमा गौण पुराव्यात टाकली आहे. अहवाल वाचताना हा भेद विसरला, तर माणूस विनाकारण पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो.

तंत्राचे श्रेय मोठे आहे. कृत्रिम झडप इकोच्या चित्रात सावली पाडते, तिथे पेट उपयोगी पडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ७२ संशयित रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासात ड्यूक निकषांना पेटची जोड मिळताच संवेदनक्षमता ७० टक्क्यांवरून ९७वर गेली. पण हे आकडे कृत्रिम झडपांचे. जन्मजात, स्वतःच्या झडपेवर हेच तंत्र पुष्कळदा गप्प बसते. तिथली गाठ लहान, सतत हलणारी, आणि पांढऱ्या पेशीही कमी. न उजळलेली झडप निरोगी समजून प्रतिजैविके थांबवली, तर ते जिवावर बेतू शकते. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, तेव्हा ही उणीव आपल्याला अधिक नडणार.

आणखी एक. हृदयाचा स्नायूही साखर खातो, म्हणून आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ वर्ज्य, स्निग्ध चालतात, मग दीर्घ उपास. 'उपास' हा शब्द ऐकून कुणी साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले, तर सगळा स्नायूच उजळेल आणि झडप त्यात हरवेल. रुग्णाला पथ्य सांगताना पोळी, भात, साबुदाणा, बटाटा अशी नावेच घ्यायला हवीत.

खुद्द जंतूवर खूण बांधायचे प्रयत्न झाले आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू रक्त गोठवण्यासाठी एक प्रथिन सोडतो. ते आपल्या रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला पकडते. 'नेचर मेडिसिन'मध्ये २०११ साली आलेल्या प्रयोगात संशोधकांनी प्रोथ्रॉम्बिनलाच खूण जोडली आणि उंदरांच्या झडपेवरच्या गाठी उजळल्या. तिथे दिसली ती जंतूची स्वतःची करणी. पण एकाच जातीच्या जंतूची. माहलरचा स्ट्रेप्टोकॉकस त्या प्रतिमेत दिसला नसता.