‘मेदितेर्रानेओ’तील बेट आणि बेटावरून गेलेले लोक

गाब्रिएले साल्वातोरेस या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘मेदितेर्रानेओ’ (१९९१) या चित्रपटास परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि कास्तेलोरिझो हे नाव अनेक देशांतील प्रेक्षकांच्या कानी प्रथमच पडले. १९४१ साली आठ इटालियन सैनिक एका दूरस्थ ग्रीक बेटावर उतरतात. त्यांचे जहाज नष्ट होते, बिनतारी यंत्र मोडते, जगाला त्यांचा विसर पडतो आणि त्या विसरातच त्यांना सुख सापडते, एवढेच कथानक. हा चित्रपट पळून जाणाऱ्या सर्वांना अर्पण केलेला आहे. समीक्षेचा आरंभ या अर्पणापासूनच करणे इष्ट होय. कारण ज्या बेटावर त्याचे चित्रीकरण झाले, त्याचा अर्वाचीन इतिहास हा बव्हंशी तेथून निघून जाणाऱ्यांचा इतिहास आहे. आणि चित्रपटात नेमके तेच लोक नाहीत.

ऐतिहासिक चुका दाखविणे सोपे आहे. कास्तेलोरिझो १९२१ पासून इटलीच्याच ताब्यात होते; तेथे इटालियन सैनिकाला १९४१ साली प्रथमच ‘उतरण्याचे’ कारण नव्हते. परंतु चित्रपटातील बेट कल्पित आहे, असे उत्तर त्यावर देता येईल आणि ते मान्यही करावे लागेल. प्रश्न तपशिलाचा नाही. या कलाकृतीचा सारा भावार्थ ‘दूरत्व’ या एका कल्पनेवर उभा आहे, आणि ती कल्पना तिने तपासून पाहिलेली नाही.

कास्तेलोरिझो दूर आहे ते कोणापासून? ऱ्होड्सपासून ते सव्वाशे किलोमीटरांवर आहे, अथेन्सपासून तर फारच लांब. समोरचा अनातोलियाचा किनारा मात्र अवघ्या दोन-तीन किलोमीटरांवर आहे. जेमतेम नऊ चौरस किलोमीटरांच्या या खडकाळ भूमीवर विसाव्या शतकाच्या प्रारंभी नऊ-दहा हजारांची वस्ती होती असे सांगितले जाते. ती पोसली गेली ती शिडाच्या जहाजांवर आणि समोरच्या किनाऱ्याशी चालणाऱ्या व्यापारावर. तेथील मुख्य चर्चचे ग्रॅनाइटचे खांबदेखील पलीकडच्या पातारा येथील प्राचीन अवशेषांतून आणलेले आहेत. वाफेच्या जहाजांनी शिडाचा धंदा बसविला. १९१३ चे बंड, १९१५ ते १९२१ चा फ्रेंच अंमल आणि १९२३ चा लोझानचा तह यांनी समोरचा किनारा परका केला. बेट जागचे हलले नाही. ते दूर झाले ते सरहद्दीमुळे. साल्वातोरेसने या दूरत्वाला निसर्गाची देणगी मानले आहे. समोरच्या किनाऱ्याचा त्याच्या चित्रपटातील ठळक प्रतिनिधी म्हणजे एक विनोदी तुर्क, जो सैनिकांना गुंगीत टाकून त्यांची शस्त्रे पळवितो. प्रसंग रंगतदार आहे हे निःसंशय. परंतु जेथे बेटाची बाजारपेठ होती तेथून केवळ एक चोर येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

गावाच्या ओसाडपणाविषयीही असेच म्हणावे लागते. सैनिक येतात तेव्हा गाव निर्मनुष्य दिसते; पुरुषांना जर्मनांनी नेले, असे कारण कथेत दिले आहे. कॅमेऱ्यासमोरचे गाव खरोखरच विरळ झालेले होते, पण ते वेगळ्या कारणांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील लोक ऑस्ट्रेलियास जाऊ लागले होते. पर्थ येथे त्यांची संस्था १९१२ मध्येच स्थापन झाली, आणि पुढे सिडनी व मेलबर्न येथेही त्यांच्या वसाहती वाढल्या. चित्रपटात इंग्रज येतात आणि सैनिकांचे रमणीय स्वप्न संपते. प्रत्यक्षात १९४३ साली इंग्रज आले, त्यांच्यामागोमाग जर्मन बाँबवर्षाव झाला, आणि हलविले गेले ते बेटावरचे नागरिक: प्रथम सायप्रसला, नंतर गाझाच्या छावणीत. १९४४ च्या आगीत त्यांची रिकामी घरे मोठ्या संख्येने जळाली. त्यांना परत आणणाऱ्या ‘एम्पायर पेट्रोल’ या जहाजास २९ सप्टेंबर १९४५ रोजी पोर्ट सैदनजीक आग लागून ३३ जण मृत्यू पावले. १९४८ मध्ये बेट ग्रीसमध्ये विलीन झाले तेव्हा परतलेल्यांना राहण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. अनेकांनी पुन्हा ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

या लोकांनी आपली बाजू लिहिली आहे. ऑस्ट्रेलियातील निकोलस पाप्पास यांचा बेटाचा सचित्र इतिहास १९९४ साली प्रसिद्ध झाला. पॉल बोयात्झिस यांच्यासह लिहिलेला ‘एम्पायर पेट्रोल’विषयीचा ग्रंथ १९९५ चा, आणि फ्रेंच अमलावरील स्वतंत्र ग्रंथ २००२ चा. पहिल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात बेटासमवेत त्याच्या जेत्यांचा उल्लेख आहे, हे सूचक होय: चित्रपटात जे पाहुणे आहेत, ते येथे जेते आहेत. तथापि प्रवासी समाजाच्या स्मरणालाही एक मर्यादा असते. वडील-आजे निघाले त्या दिवशी त्याचे घड्याळ थांबते, आणि मागे राहून शाळा, दुकान, होडी चालविणाऱ्यांना त्या स्मरणात क्वचितच जागा मिळते. २०११ च्या जनगणनेत या लोकांची संख्या ४९२ होती. भरलेल्या बंदराच्या जुन्या छायाचित्रात ते नाहीत आणि साल्वातोरेसच्या नंदनवनात ते केवळ पार्श्वभूमी आहेत.

चित्रपटाच्या शेवटी वृद्ध लेफ्टनंट मोंतीनी बेटावर परत येतो. कधीच न परतलेला फारीना आणि इटलीला विटून आलेला लोरुस्सो त्याला तेथे भेटतात, आणि तिघे म्हातारे पुन्हा एकत्र बसतात. अभिनयाच्या दृष्टीने हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत संयमी आहे. संवाद थोडा, हालचाल त्याहून थोडी. मात्र त्या तिघांना बेटावर ओळखणारे कोणी लागत नाही; त्यांना एकमेकांची ओळख पुरते. उन्हाळ्यात पर्थहून किंवा सिडनीहून येणारा कास्तेलोरिझोचा नातू बंदरावर उतरतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो आडनावाचा. आणि त्याच्या उत्तरावरून भिंती उरलेले कोणते घर त्याच्या वाट्याचे, हे विचारणाऱ्याला बहुधा ठाऊक असते.