चौक सुटल्यानंतरची वारली चित्रकला

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या पाड्यांची नावे आज युरोपातल्या आणि जपानातल्या कलासंग्रहांच्या दप्तरांत नोंदली गेली आहेत, आणि याच पाड्यांवर जन्मलेल्या पांढऱ्या रेघांनी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांच्या भिंती, साड्यांचे पदर, चहाचे पेले, रेल्वे स्थानकांच्या भिंती आणि सरकारी विश्रामगृहांची दालने इतकी व्यापली आहेत, की या कलेला आश्रय नाही अशी तक्रार करण्यास आता कोणालाच जागा उरलेली नाही. उणीव आहे ती परीक्षणाची. ज्या मराठी चित्रसमीक्षेने एकेका चित्रकाराच्या एकेका कालखंडावर हिरिरीने वाद घातले, तीच समीक्षा वारली चित्रासमोर आली की चित्राकडे पाहायचे सोडून जमातीची माहिती सांगू लागते, आणि ती माहिती संपली की आदिमतेची व निरागसतेची चार कौतुकाची विशेषणे वाहून निघून जाते. त्यामुळे दोन वारली चित्रे शेजारी ठेवली असता त्यांतले सरस कोणते आणि का, हे सांगण्याचे साधन गिऱ्हाइकापाशी नाही, प्रदर्शन भरवणाऱ्या खात्यापाशी नाही आणि खेदाची गोष्ट अशी, की शिकू पाहणाऱ्या तरुण वारली चित्रकारापाशीही ते नाही.

असे साधन बाहेरून आणावे लागत नाही. ते या कलेच्या मूळ रूपातच आहे. करवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण, त्यावर गेरूचा हात, आणि मग तांदूळ वाटून पाण्यात कालवलेल्या पिठात, टोक चावून मऊ केलेली काडी बुडवून सवाशिणी लग्नाच्या वेळी जो चौक काढतात, तो या चित्रकलेचा पाया होय. चारी बाजूंनी एकीत एक बसलेल्या नक्षीच्या किनारी, मध्ये पालघट देवी, तिच्या आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी, आणि शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. लग्न लावणारी धवलेरी गात असते, तिच्या गाण्यात देवांना आवाहन होत असते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. हा चौक जवळून न्याहाळला असता असे दिसते, की किनारींत रेघ अत्यंत शिस्तबद्ध आहे, तिथे मोकळी जागा जवळजवळ नाही; पण चौकाच्या बाहेर पाऊल पडताच तीच रेघ सैल होते, ताडामाडांवर चढते, नांगरामागे चालते, तारपा या फुंकवाद्याभोवती फेर धरते, आणि दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभी केलेली माणसे कमरेतून वाकू लागतात. आतली घट्ट भूमिती आणि बाहेरचा वाहता संसार यांच्यातला हा ताण हेच या चित्राचे सामर्थ्य आहे. माणसे, झाडे, पाखरे कितीही विखुरली तरी चित्र विस्कटत नाही, कारण त्याला चौकाने धरून ठेवलेले असते.

या चौकाच्या भिंतीमागे एक कटू इतिहास आहे, आणि त्याचे स्मरण ठेवल्यावाचून या कलेविषयी लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्या घरात हा चौक निघे, त्या घराच्या धन्याने त्याच लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून कर्ज उचललेले असे, आणि त्या कर्जाच्या फेडीपोटी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षे त्या जमीनदाराच्या घरी व शेतावर राबत. अशा माणसास या मुलखात लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगार यापुढे करायची नाही असा निर्धार त्यांनी केला. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. ज्या काळात वारल्याच्या अंगमेहनतीवरही त्याची स्वतःची मालकी नव्हती, त्या काळात लग्नाची ती चौकट मात्र पूर्णपणे घरातल्या स्त्रियांच्या अखत्यारीत होती. जमीनदाराचा अंमल तिथवर पोहोचला नाही, ही गोष्ट कलेच्या इतिहासात क्षुल्लक मानता येणार नाही.

कागद आला तो पुढे. दुष्काळाने गांजलेल्या मधुबनीत पुपुल जयकरांच्या प्रेरणेने जाऊन तिथल्या स्त्रियांच्या हाती कागद देणारे भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डहाणूकडे वळले, आणि इथेही त्यांनी कागद वाटला. परंतु दोन्ही ठिकाणचे फलित निराळे झाले. मधुबनीत कागदावर आलेल्या कलेची कीर्ती स्त्रियांच्या नावे झाली. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी यांना क्रमाने पद्मश्री मिळाली. वारली मुलखात कागद पुरुषांकडे गेला. विधीचा चौक सवाशिणीच काढणार हा दंडक होता, कागदाला तसा कोणताच दंडक नव्हता. शिवाय बाजारपेठेचे, प्रवासाचे आणि मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांचे दरवाजे त्या काळी पुरुषांनाच अधिक सुलभ होते. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ साली जन्मलेला, आईच्या मृत्यूनंतर लहानपणी बोलणे सोडून मातीत रेघा ओढत बसणारा आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर स्थायिक झालेला जिव्या सोमा मशे हा या नव्या कागदाचा पहिला मोठा चित्रकार. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्याचे प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसमधल्या पाँपिदू केंद्राच्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याची चित्रे लागली, २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंतासह त्याचे संयुक्त प्रदर्शन झाले, आणि २०११ साली पद्मश्री आली. मे २०१८ मध्ये तो निवर्तला.

या सन्मानांची यादी सर्वत्र छापली जाते. चित्रात त्याने काय साधले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. कागदावर येताच चौक सुटला. लग्न नाही, देवी नाही, किनार नाही, केवळ एक आयताकृती पृष्ठभाग आहे, आणि त्यावर विखुरलेल्या संसाराला आता कशाने धरून ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक वारली चित्रकारापुढे उभा राहिला. माझ्या मते याच प्रश्नाच्या उत्तरावरून त्या चित्रकाराची योग्यता ठरवली पाहिजे. मशे यांनी काढलेली मासेमारीच्या जाळ्याची चित्रे या दृष्टीने पाहावीत. जवळजवळ अवघा पृष्ठभाग जाळ्याने व्यापलेला आहे; केसासारख्या बारीक रेघा एकमेकींना छेदत जातात, पण त्या कुठेही यांत्रिक सरळ नाहीत, पाण्याच्या ओढीने फुगावे तसे जाळे मध्येच फुगते, कडेला आवळते, आणि त्या विणीच्या काठाशी माणसे व होड्या इतक्या लहान आहेत की त्या प्रचंड वक्राचे भान आधी होते, माणसांचे नंतर. चौकाच्या किनारीतली ती दाट, जागा न सोडणारी रेघ इथे किनारीतून निघून चित्राच्या मध्यभागी आली आहे, आणि तिनेच चित्राला धरून ठेवले आहे. म्हणजे आत आणि बाहेर यांचा जुना ताण मोडला नाही, उलटा झाला. हे कार्य निरागसतेचे नव्हे. ते रचनेचा खोल विचार करणाऱ्या चित्रकाराचे आहे.

याउलट बाजारात जे बहुसंख्येने विकले जाते, त्याचे उत्तर ठरून गेले आहे : मध्ये तारप्याचे वेटोळे, कोपऱ्यात झाड, दुसऱ्या कोपऱ्यात झोपडी, वर सूर्य. मुळात तारपकरी मध्ये, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून चाललेली माळ, आणि वादकाच्या सुराबरोबर पालटणारी तिची दिशा, हे सगळे ज्याने पाहिले आहे त्याच्या रेघेत ती चाल उतरते. ज्याने छापील नमुन्यावरून ते उतरवले, त्याच्या फेरात प्रत्येक माणूस सारख्याच मापाचा आणि सारख्याच कोनात वाकलेला असतो. शहरांतून वारली चित्रे शिकवणारे वर्ग निघाले, पोस्टर रंग आणि ॲक्रिलिक आले, तांदळाच्या पिठाची जागा टिकाऊ पांढऱ्या रंगाने घेतली. यांपैकी साहित्यातल्या बदलाबद्दल मी कोणालाही दोष देणार नाही, कारण भिंतीवरचे पीठ काही महिन्यांत झडून जाते आणि विकत घेणाऱ्यास चित्र टिकावे असे वाटणे न्याय्यच आहे. दोष आहे तो पाहण्याचे सोडून उतरवण्याचा, आणि या दोषाला दर ठरवणारा व्यापारी जितका कारण, तितकेच आपण समीक्षकही.

नक्कलेवर तोड म्हणून भौगोलिक मानांकनाकडे बोट दाखवले जाते. आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून २०१४ साली वारली चित्रकलेला ते मिळाले, आणि त्या संघटनेचे हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु मानांकनाने नावाचे रक्षण होते. त्रिकोणी माणूस कोणीही काढू शकतो, फक्त त्यास वारली चित्र म्हणून विकण्यास बंदी येते, आणि ती बंदी अमलात आणण्यास नोंदणीकृत हक्कदार, तक्रार, दावा असा सगळा खटाटोप लागतो. चित्रकाराच्या मालकीचा हा प्रश्न दुसरीकडे कसा हाताळला गेला, ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात १९६६ साली नव्या एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी या आदिवासी चित्रकाराच्या चित्राची नक्षी त्याच्या परवानगीवाचून छापली गेली, आणि ते उघडकीस आल्यावर तिथल्या रिझर्व्ह बँकेला त्यास मोबदला द्यावा लागला. पुढे १९७१ साली पापुन्या या वसाहतीत जेफ्री बार्डन नामक शाळामास्तराच्या प्रोत्साहनाने रंगकाम सुरू झाले, तेव्हा लगेच पुढच्याच वर्षी चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची कंपनी उभी केली. चित्रकाराचे नाव, त्याचे चित्र आणि त्याचा मोबदला यांची नोंद त्या कंपनीच्या दप्तरात होत आली. भास्कर कुलकर्णी आणि बार्डन यांची कार्ये जवळजवळ समकालीन. परंतु इकडे व्यक्तीचे नाव आणि कलेची मालकी यांची सांगड घालणारी तशी टिकाऊ व्यवस्था डहाणूत वेळेवर उभी राहिली नाही, आणि पाड्यावरचा बहुसंख्य चित्रकार अजून नगावर मोल घेऊन अनामिक राहतो.

नव्या पिढीकडे वळले की मात्र मन प्रसन्न होते. गंजाडचे राजेश वांगड यांनी गौरी गिल या छायाचित्रकर्तीसह जे काम केले, त्यात तिच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या गंजाड परिसराच्या कृष्णधवल छायाचित्रांवर त्यांनी वारली रेघ चढवली आहे : छायाचित्रात उजाड माळ दिसतो, आणि त्याच माळावर पूर्वी काय होते, कोणता देव, कोणते झाड, कोणता कज्जा, हे रेघ सांगत जाते. चौकाची जागा इथे प्रत्यक्ष जमिनीने घेतली आहे, आणि माझ्या मते जिव्या मशे यांच्या जाळ्यानंतरचे हे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर होय. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे बंधू चित्रपृष्ठ दाट भरण्याकडे झुकतात. तारा बुक्सने काढलेल्या त्यांच्या 'द डीप' या समुद्रविषयक पुस्तकात वारली रेघ शेतशिवारातून थेट खोल पाण्यात उतरली आहे, आणि काही पृष्ठांवर नक्षीचा सोस चित्रावर मात करतो असे मला वाटले तरी, उतरवण्याऐवजी पाहण्याचे धाडस त्यांच्यापाशी आहे यात शंका नाही. पाहण्यासारखे या मुलखात पुष्कळ आहे. १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केलेल्या या डहाणू तालुक्यातून आज बुलेट ट्रेनचे खांब आणि मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग जात आहेत, आणि वाढवण बंदराची कोनशिला ऑगस्ट २०२४ मध्ये बसली आहे. खांब आणि भराव यांना चित्रात जागा दिल्याने वारलीपण बाटते, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. परंतु जो संसार चौकाबाहेर पूर्वी नांगर आणि तारपा घेऊन वाहत होता, तोच आज या खांबांखालून वाहतो, आणि तो न काढणे म्हणजे चित्रकाराला आपल्याच अंगणात परका ठरवणे होय.

राहता राहिला मूळ चौक. घरे सिमेंटची झाली, कूड गेले, सिमेंटवर लिंपण नीट धरत नाही, तरी लग्नात चौक निघतो. तो काढणाऱ्या स्त्रियांपैकी फारच थोड्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात सापडते. यशोधरा डालमिया यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात या विधिचित्रांची सविस्तर दखल घेतली होती. त्यानंतरच्या लिखाणाचा ओघ कागदावरच्या पुरुष चित्रकारांकडे वळला. एका पाड्यावरच्या चौकाची किनार दुसऱ्या पाड्यावरच्या किनारीहून कशी निराळी, पालघटीच्या हातांची ठेवण कोणत्या घरात कशी, एखाद्या सवाशिणीचा हात ओळखू येतो की नाही, याचा तौलनिक अभ्यास अद्याप व्हायचा आहे, आणि तो चौक पुढच्या सारवणाखाली जाण्याआधीच करावा लागेल. त्याला मोठे अनुदान लागत नाही. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांतले शिक्षक लग्नसराईत प्रत्येक चौकाचे छायाचित्र घेऊन त्याखाली काढणाऱ्या बायांची नावे, पाडा आणि लग्नाची तारीख एवढी नोंद, अर्थात घरच्यांच्या संमतीने, ठेवू शकतील, आणि असा दहा-वीस वर्षांचा संग्रह जिल्ह्याच्या ठिकाणी खुला असला, की कागदावरच्या चित्रकारांनी मुळातून काय उचलले आणि स्वतःचे काय घातले, हे पुढच्या समीक्षकाला पुराव्यानिशी लिहिता येईल.