कॅटलिन, बोडमर आणि मातो-तोपे : मंडन वस्तीतील तीन चित्रकार व त्यांचे संग्राहक

अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशातील मूळनिवासी जमातींची चित्रे काढणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील कलावंतांचा विचार निघाला, की जॉर्ज कॅटलिन आणि कार्ल बोडमर यांची तुलना हटकून केली जाते. या दोघांनी अवघ्या दीड-दोन वर्षांच्या अंतराने मिसूरी नदीकाठच्या त्याच मंडन वस्तीत, फोर्ट क्लार्क नावाच्या त्याच व्यापारी ठाण्याच्या आश्रयाने, पुष्कळ अंशी त्याच माणसांची चित्रे काढली. कॅटलिन उतावळा व ढिला, बोडमर सूक्ष्म व काटेकोर, हा या तुलनेचा ठरलेला निष्कर्ष होय. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. या दोन चित्रकारांमागे संग्रहाच्या दोन भिन्न कल्पना उभ्या होत्या आणि त्यांच्या रेषेतील फरक हा बऱ्याच अंशी त्या कल्पनांतील फरक आहे, याकडे या निष्कर्षाचे लक्ष जात नाही. शिवाय त्या वस्तीत तिसराही एक चित्रकार होता. त्याला या तुलनेत जागाच मिळत नाही, कारण तो स्वतः चित्राचा विषय म्हणून प्रसिद्ध आहे.

कॅटलिनचा जन्म १७९६ साली पेनसिल्वेनिया राज्यात झाला. त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, थोडा काळ वकिली केली आणि ती सोडून तो चित्रकलेकडे वळला. या कलेत तो जवळजवळ स्वयंशिक्षित होता. १८३० साली तो सेंट लुईस येथे आला आणि १८३२ साली ‘यलोस्टोन’ या आगबोटीने मिसूरीच्या वरच्या खोऱ्यात फोर्ट युनियनपर्यंत गेला. नष्ट होऊ घातलेल्या (ही त्याचीच समजूत) जमातींचा समग्र चित्रसंग्रह तयार करावा आणि तो राष्ट्राने विकत घ्यावा, असा त्याचा संकल्प होता. म्हणजे तो चित्रकारही होता आणि स्वतःच्या चित्रांचा संग्राहकही. त्याला आश्रयदाता नव्हता. जो मिळावा अशी आशा होती तो म्हणजे अमेरिकेची काँग्रेस, आणि तिने त्याचे अर्ज वारंवार फेटाळले.

या एका गोष्टीने त्याच्या चित्रांचे स्वरूप ठरविले आहे. जो स्वतःच्याच संग्रहाचा पुरवठादार असतो त्याला संख्येचा लोभ सुटत नाही. सुमारे पाचशे चित्रांच्या त्या संग्रहात चेहरा तेवढा मन लावून रंगविलेला, खांद्याखाली मात्र रंग पातळ होत गेलेला आणि हातपाय केवळ सुचविलेले, अशी चित्रे जागोजागी भेटतात. तरीही त्यातील चेहरे माणसांचे आहेत, नमुन्यांचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. १८४६ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात कॅटलिनची दोन व्यक्तिचित्रे पाहून बोदलेअरसारख्या चोखंदळ समीक्षकाने त्यांची जी स्तुती केली ती अनाठायी नव्हती.

संग्रहाचा इतिहास मात्र करुण आहे. १८३७ साली न्यूयॉर्कमध्ये, १८४० साली लंडनमध्ये आणि १८४५ साली पॅरिसमध्ये त्याने आपले दालन मांडले. चित्रांनी गर्दी जमेना तेव्हा त्यांच्या जोडीला त्याने जिवंत माणसे उभी केली : प्रथम मूळनिवाशांचा वेष चढविलेले इंग्रज, पुढे खरोखरीचे ओजिब्वे आणि आयोवा. त्यांतील काहींचा युरोपातच मृत्यू झाला. १८५२ साली कॅटलिन कर्जात बुडाला. रेल्वेची एंजिने बांधून धनाढ्य झालेल्या फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॅरिसन यांनी देणेकऱ्यांचे पैसे भागवून संग्रह ताब्यात घेतला आणि आपल्या बॉयलरच्या कारखान्यात ठेवून दिला. हॅरिसन यांच्या विधवा पत्नीने तो १८७९ साली स्मिथसोनियन संस्थेला दिला, तेव्हा कॅटलिनला जाऊन सात वर्षे झाली होती. मधल्या काळात तो आपलीच चित्रे जुन्या रेखाटनांवरून पुन्हा काढीत होता. स्वतःच्या संग्रहाला मुकलेला संग्राहक स्वतःची नक्कल करू लागतो, हे दृश्य कलेतिहासात विरळा आहे.

भाषेच्या अभ्यासकाला कॅटलिन विशेष उद्बोधक वाटतो तो त्याच्या शब्दसंग्रहामुळे. मराठीत ‘शब्दसंग्रह’ हा शब्दच सांगतो, की शब्द गोळा करणे हाही एक संग्रह होय. आणि चित्रांच्या संग्रहात जो दोष दडून राहतो तो शब्दांच्या संग्रहात उघडा पडतो. कॅटलिनच्या १८४१ सालच्या द्विखंडात्मक प्रवासग्रंथाच्या परिशिष्टात मंडन, ब्लॅकफूट, अरिकारा, सू आणि टस्करोरा या भाषांतील शब्दांचा तक्ता आहे. त्याच ग्रंथात मंडन लोक हे वेल्स देशातून समुद्रपार गेलेल्या मॅडॉक या दंतकथेतील राजपुत्राचे वंशज असावेत, असा सिद्धांत मांडलेला आहे. पुरावा म्हणून काही मंडन माणसांचे फिके केस व डोळे, कातड्याच्या गोल होड्यांचे वेल्समधील होड्यांशी साम्य आणि सर्वनामांसारखे मोजके, आखूड शब्द पुढे केलेले आहेत.

एक-दोन ध्वनींच्या सर्वनामांत कोणत्याही दोन भाषांचे साम्य सापडू शकते, हे आज पदवीपरीक्षेचा विद्यार्थीही जाणतो. ‘मंडन’ हे नाव ऐकून संस्कृतज्ञ वाचकाच्या मनात अलंकरणाचा अर्थ उभा राहतो, आणि ही माणसे तर अंग रंगवून पिसे मिरविणारी! कॅटलिनच्या पद्धतीने एवढ्या आधारावर त्यांना आर्यवंशीयही ठरविता आले असते. नवल असे, की या सिद्धांताचे खंडन कॅटलिनने ज्याचे सर्वांत भव्य चित्र काढले त्या नायकाच्या नावातच आहे. मातो-तोपे म्हणजे ‘चार अस्वले’. मंडनमध्ये अस्वलाला ‘मातो’, तर सू समूहातील लकोटा भाषेतही ‘मातो’. चार या संख्येला मंडनमध्ये ‘तोप’, लकोटात ‘तोपा’. वेल्शमध्ये अस्वल म्हणजे ‘आर्थ’ आणि चार म्हणजे ‘पेद्वार’. हे दोन्ही वेल्श शब्द ‘ऋक्ष’ आणि ‘चत्वार’ यांचे दूरचे भाऊबंद आहेत. तेव्हा नातेच काढायचे तर वेल्शचे नाते मंडनपेक्षा मराठीशी जवळचे! मंडन ही सू कुळातील भाषा आहे हे आता निर्विवाद आहे. मंडन आणि सू हे दोन रकाने कॅटलिनच्या एकाच तक्त्यात असूनही त्याने ते एकमेकांशी ताडून पाहिले नाहीत, कारण शब्द जमविण्यापूर्वीच त्यांचा अर्थ ठरून गेला होता.

नावांच्या भाषांतरातही हीच घाई दिसते. वॉशिंग्टनला जाताना स्वदेशी पेहरावात आणि परतताना लष्करी गणवेष, छत्री व पंखा यांसह, असे ज्याचे दुहेरी चित्र कॅटलिनने रंगविले त्या असिनिबॉइन पुरुषाचे नाव त्याने ‘कबुतराच्या अंड्यासारखे डोके’ असे उतरविले. त्या नावाचा खरा अर्थ ‘प्रकाश’ असा आहे. राजधानीत पाहिलेल्या गोष्टी सांगितल्या म्हणून ज्याला स्वजनांनी खोटारडा ठरवून ठार केले, त्याच्या चित्राखाली ते हास्यास्पद नाव दीर्घकाळ राहिले, आणि त्यामुळे चित्रातील उपरोध चित्रकाराच्या इच्छेपेक्षाही अधिक क्रूर झाला.

याउलट बोडमर हा कोणाचा तरी नोकर होता. विड-नॉइविड घराण्याचा राजपुत्र मॅक्सिमिलियन हा ग्योटिंगेन येथे ब्लूमेनबाख यांच्या हाताखाली शिकलेला निसर्गाभ्यासक. १८१५ ते १८१७ या काळात त्याने ब्राझीलचा प्रवास केलेला होता. १८३२ साली तो अमेरिकेस निघाला तेव्हा त्याने झुरिकजवळचा तेवीस वर्षांचा बोडमर बरोबर घेतला. करार स्पष्ट होता : राजपुत्राने वर्णन करावयाचे आणि चित्रकाराने तेच दृश्य कागदावर उतरवावयाचे. १८३३-३४ चा हिवाळा दोघांनी फोर्ट क्लार्क येथे काढला. मॅक्सिमिलियन स्कर्व्हीने जर्जर झाला, तरी दिपाउख नावाच्या मंडन वृद्धाकडून कथा व विधी आणि जेम्स किप या भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याच्या मदतीने शब्द तो टिपून घेत होता. त्याच्या मंडन शब्दावलीला व्याकरणाची जोड आहे. एकटा शब्द म्हणजे भाषा नव्हे, याची जाणीव तिच्यात दिसते.

बोडमरची जलरंगचित्रे या शिस्तीचे फळ होत. त्याने रंगविलेल्या मातो-तोपेच्या केसांत एक वीतभर लांबीची तांबडी लाकडी सुरी खोचलेली आहे. तिच्याशेजारी पितळी खिळे बसविलेल्या सहा रंगीत काड्या आहेत. एक पीस आहे. छातीवर पिवळ्या रंगात पंजा उमटविलेला आहे. मॅक्सिमिलियनच्या ग्रंथात यांतील प्रत्येकाचा अर्थ दिलेला आहे : सुरी म्हणजे शायेन सरदाराला सुरीने मारल्याची खूण, सहा काड्या म्हणजे बंदुकीच्या सहा जखमा, पीस म्हणजे बाणाची जखम आणि पंजा म्हणजे कैदी पकडल्याची ग्वाही. चित्र आणि ग्रंथ मिळून येथे कोशातील एक नोंद सिद्ध होते. रूप चित्राने द्यावे, अर्थ ग्रंथाने. कॅटलिनने हाच पुरुष उभा रंगविताना आकृतीच्या डौलाला व साधेपणाला बाधक असे काही अलंकार आपण गाळले, हे स्वतःच नमूद केले आहे. चित्रकार म्हणून तसे करण्याचा त्याला अधिकार होता. परंतु जिला तो आभूषणे म्हणतो ती त्या पुरुषाची वाक्यरचना होती, आणि वाक्यातील पदे डौलासाठी गाळली की अर्थ जातो.

तथापि बोडमरला सर्व श्रेय देऊन मोकळे होणेही योग्य नाही. त्याच्या काही चित्रांत चेहरा आणि सुरीची मूठ यांना एकसारखेच लक्ष मिळालेले आहे. माणूस हा खुणांचा वाहक होऊन बसतो. कॅटलिनच्या ढिल्या चित्रांतील डोळे अनेकदा पाहणाऱ्याशी बोलतात, बोडमरचे क्वचित. त्याच्या स्वतःच्या वाट्यालाही संग्रहातील वस्तूचेच प्राक्तन आले. प्रवासवर्णन १८३९ ते १८४१ या काळात ८१ ताम्रमुद्रित चित्रांसह निघाले. मूळ जलरंगचित्रे राजवाड्यात राहिली आणि बोडमर बार्बिझाँच्या अरण्यात हरणे व पक्षी कोरीत बसला. तो अमेरिकेस पुन्हा गेला नाही. १८९३ साली पॅरिस येथे विपन्नावस्थेत त्याचा अंत झाला. नॉइविडमधील चित्रे दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा उजेडात आली. १९६२ साली ओमाहाच्या एका नैसर्गिक वायू कंपनीने ती विकत घेऊन तेथील जॉसलिन संग्रहालयात ठेवली आणि १९८६ साली ती त्या संग्रहालयाच्या मालकीची झाली.

याच संग्रहात तिसऱ्या चित्रकाराचेही काम आहे. बोडमरने मातो-तोपे आणि सिह-चिदा या दोघा मंडन पुरुषांना कागद व रंग दिले. १८३४ मध्ये मातो-तोपेने शायेन सरदाराशी झालेल्या आपल्या द्वंद्वाचे चित्र काढले, म्हणजे ती लाकडी सुरी ज्या घटनेचे नाव आहे ती घटना. दोन आकृती समोरासमोर उभ्या आहेत. खाली जमीन नाही, मागे क्षितिज नाही. सुरी पकडताना चिरलेल्या हातातून रक्त वाहते आहे. मंडन चित्रपद्धतीत गव्याच्या कातड्यावर पराक्रम रंगविताना माणसाचे डोके बहुधा साध्या गोळ्याचे असे. येथे चेहऱ्याला नाक-डोळे आले आहेत आणि पोषाखाचा तपशील भरला आहे. हा कॅटलिन व बोडमर यांच्या सान्निध्याचा परिणाम होय, असे जॉन यूअर्स यांनी १९५७ साली दाखवून दिले आणि ते मत आजही बाजूला सारता येत नाही.

परंतु ‘परिणाम’ या शब्दाने अर्धीच गोष्ट सांगितली जाते. मातो-तोपेने युरोपीय चित्रकलेतून काय उचलले याबरोबर काय उचलले नाही, हेही पाहिले पाहिजे. चेहरा व वस्त्र त्याने घेतले. छायाप्रकाश, अंतर आणि भूमी घेतली नाही. उसने घेणारी भाषा नामे सहज घेते, पण आपली वाक्यरचना सहसा सोडत नाही, हे भाषाशास्त्रातील नित्य निरीक्षण येथे चित्रात दिसते. ‘मी, त्याला, या सुरीने’ हा कर्ता, कर्म व करण यांचा संबंध हाच त्या चित्राचा गाभा, आणि त्यासाठी क्षितिजाची गरज नाही. ज्याने कॅटलिनपुढे तासन् तास उभे राहून आणि बोडमरपुढे बसून त्यांचे कसब जवळून पाहिले होते, त्याने हे अज्ञानाने केले असे मानण्यास आधार नाही. ती निवड आहे, आणि निवड करणाऱ्याला चित्रकार म्हणावयाचे असते. तरीही मॅक्सिमिलियनने त्याच्याकडून आणलेले रंगीत गव्याचे कातडे आज स्टुटगार्टच्या लिंडेन संग्रहालयात, म्हणजे मानववंशविषयक संग्रहात आहे. त्याच्या चेहऱ्याची चित्रे मात्र कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागली.

१८३७ च्या उन्हाळ्यात ‘सेंट पीटर्स’ या आगबोटीबरोबर देवीची साथ फोर्ट क्लार्कला आली. काही आठवड्यांत मंडन जमातीतील बहुसंख्य माणसे मरण पावली. वाचले ते अवघे शंभर-दीडशे. ३० जुलै रोजी मातो-तोपे गेला. ठाण्याचा अधिकारी चार्डन याच्या रोजनिशीत मृत्यूपूर्वीचे म्हणून त्याच्या तोंडी एक दीर्घ भाषण घातलेले आहे. ते आहे इंग्रजीत, आणि ते कोणी ऐकले व कोणी भाषांतरिले हे तेथे सांगितलेले नाही. कॅटलिनने मंडन जमात संपली असे जाहीर केले, परंतु ते खरे नव्हते. हिदात्सा व अरिकारा यांच्यासह तिचे वंशज उत्तर डाकोटातील फोर्ट बर्थोल्ड येथे आजही राहतात. मंडन भाषा लहानपणापासून अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ एडविन बेन्सन यांचे २०१६ साली निधन झाले. त्यानंतर तेथे ती भाषा शिकवू पाहणाऱ्यांच्या जुन्या साधनांत मॅक्सिमिलियनची ती हिवाळी शब्दावली आहे.