टरफलांच्या पलीकडचे टिळक

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला टिळक म्हटलं की आधी शेंगांची टरफलं आठवतात. वर्गात पडलेला कचरा, चिडलेले मास्तर आणि 'मी नाही उचलणार' म्हणून ठाम उभा राहिलेला बाळ. १ ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनाही ही गोष्ट तोंडपाठ असते. गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यानंतर पुस्तक जे करतं त्याबद्दल. तिथून एका उडीत सिंहगर्जना, मग मंडाले, मग गीतारहस्य आणि शेवटी चौपाटीवरचा जनसागर. मधली माणसं गाळलेली.

गाळलेल्यांत पहिले आगरकर. डेक्कन कॉलेजात जमलेली ही जोडी. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये केसरी. त्याचे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूरच्या दिवाणांनी भरलेल्या खटल्यात १८८२ साली दोघंही डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवस तिथं काढले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. मग बिनसलं. १८८७ मध्ये आगरकर केसरीतून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढला. १८९१ च्या कायद्यानं मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तेव्हा आगरकर कायद्याच्या बाजूनं होते आणि परक्या सरकारनं आमच्या घरात पाय घालू नये म्हणणारे टिळक विरोधात. सहावी-सातवीतल्या मुलीला यापेक्षा जवळचा इतिहास कुठला? भांडण तिच्याच वयावरून चाललं होतं. पण मुलांना हे 'झेपणार नाही', असं म्हणून ते वगळलं जातं. जिवलग मित्रांचं फाटणं मुलांना कळत नाही असं वाटणाऱ्यानं मधल्या सुट्टीत शाळेच्या पटांगणात थोडा वेळ उभं राहावं.

मुलांसाठी चरित्र लिहिण्याची आपली परंपरा तशी जुनी. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक काढलं, त्यात चरित्रांना हक्काची जागा होती. साने गुरुजींनी तर गोखल्यांपासून ईश्वरचंद्र विद्यासागरांपर्यंत किती जणांची चरित्रं लिहिली. आज कुणाला ती भाबडी वाटतील. पण बंगालमधला माणूस आपल्या मुलांना माहीत हवा, ही त्यांच्यामागची ओढ आता आटली आहे. हल्ली प्रदर्शनात मांडलेल्या चरित्रांच्या गठ्ठ्यातून कुठलीही पुस्तिका उचला: तेच पंधरा-वीस महापुरुष, मुखपृष्ठावर तेच करारी डोळे, आत एकही नकाशा नाही. भाषणाला उतारे पुरवणं एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते.

शिवाजी महाराजांची गोष्ट वेगळी. चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकानं महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना इतिहासाची पहिली गोडी लावली, हे मान्यच केलं पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वर्षभर एकाच माणसाच्या सहवासात ठेवायचं, ही कल्पनाच धाडसी होती. अडचण पाचवीपासून सुरू होते. शेतसारा कसा ठरे, गडाला दाणागोटा कुठून येई, हे विचारण्याइतकं मूल मोठं होतं तेव्हा त्याच्या वयाचं पुस्तकच हाताशी नसतं. मग ते थेट कादंबरीकडे वळतं. 'छावा' ही १९७९ ची कादंबरी. २०२५ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला आणि त्यातला प्रत्येक संवाद शाळकरी मुलांनी घडलेला म्हणूनच घेतला. कादंबरीकाराला बोल लावण्यात अर्थ नाही. 'हे कागदपत्रांत आहे, हे लेखकानं कल्पिलं आहे' इतकंच सांगणारं शेवटचं पान आपण मुलांच्या पुस्तकातही कधी जोडत नाही.

या सगळ्यात टिकून राहिलेलं, मुलं आपणहून वाचतात असं चरित्र म्हणजे वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली आलेलं, गुलामीत जन्मलेल्या अमेरिकन वनस्पतितज्ज्ञाचं. (योगायोग असा, की इथंही शेंगाच आहेत, पण हा माणूस त्यांचं काय काय करता येईल ते शोधत बसतो.) भक्तिभाव या पुस्तकातही भरपूर आहे. तरी त्यात काम दिसतं: माती, खत, प्रयोगशाळेसाठी भंगारातून गोळा केलेल्या वस्तू. मला वाटतं, लेखिकेला इथं एक मोकळीक होती. कार्व्हरवर लिहिताना आपल्याकडे कुणाच्याच भावना दुखावत नाहीत.

घरच्या माणसांवर लिहिताना ती मोकळीक कशी मिळवायची? बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः वाट दाखवली आहे. १९०१ साली ते, भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली, तो प्रवास त्यांनी लिहून ठेवला आहे. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरतात तर न्यायला कुणीच नाही, कारण शिपाई पत्र द्यायला विसरलेला. स्टेशनमास्तर आधी आस्थेनं चौकशी करतो, जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाला दुप्पट भाडं घेतो; मुलांनीच गाडी हाकायची आणि त्यानं शेजारून चालायचं, असा तोडगा निघतो. शिदोरी भरलेली, पण पाणी द्यायला कुणी तयार नाही. आमच्या पुस्तिकांत हा प्रसंग चार ओळींत उरकतो आणि लगेच 'पुढे ते थोर झाले' येतं. २०११ च्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी तोच प्रवास पानंच्या पानं चितारला. ते पुस्तक निघालं इंग्रजीत, दिल्लीतून. मसूर साताऱ्यापासून किती लांब आहे?

असंच दुसरं धन म्हणजे मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं तिनं त्यात थेट विचारलं. निबंध मुळात छोटा आहे. तो पूर्ण छापला, जोडीला तेव्हाच्या पुण्याचा नकाशा, शाळेबद्दल चार पानं आणि अवघड शब्दांचे अर्थ दिले, तरी चाळीस पानांत मावेल. सावित्रीबाईंवरच्या पुस्तिकांत मुक्ताला मिळालीच तर एखादी ओळ मिळते, तीही 'एवढ्याशा वयात निबंध लिहिला' या कौतुकाची. तिनं काय विचारलं, ते राहूनच जातं.