‘नीतिमान ठरणे’ : एका मराठी पदाचा अर्थविचार

कऱ्हाड तालुक्यातील उंब्रज हे समर्थसंप्रदायाच्या प्रभावक्षेत्रातील गाव. रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. चाफळचे राममंदिरही जवळच. नवविधा भक्तीचा क्रम आत्मनिवेदनापर्यंत नेणारा दासबोध ज्या परिसराच्या कानांवर पिढ्यानपिढ्या पडत आला, तेथील श्रोता मराठी बायबलातील ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ या शब्दांचा अर्थ काय घेईल, हा प्रश्न केवळ भाषांतराचा नव्हे.

बहुधा तो ‘नीतिमान’ या शब्दापाशी थांबेल. नीतिमान म्हणजे सदाचरणी. तेव्हा विश्वासाने मनुष्य सदाचरणी बनतो, असा अर्थ तो लावील, आणि पौलाचे प्रतिपादन नेमके निसटेल. रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल सांगतो ते असे की, नियमशास्त्रातील कर्मांवाचून, विश्वासाच्या योगे मनुष्य देवापुढे निर्दोष ठरतो. मूळ ग्रीक क्रियापदास न्यायसभेचा संदर्भ आहे. न्यायाधीश आरोपीचे आचरण सुधारीत नाही, निर्णय देतो. म्हणजे या पदाचा सारा भार ‘ठरणे’ या साध्या व्यावहारिक क्रियापदावर आहे. भाषांतरकारांनी ‘होणे’ न योजता ‘ठरणे’ योजले, यात त्यांची जाण दिसते. विशेषणाच्या निवडीत ती तितकी दिसत नाही.

ठरण्याचे सामर्थ्य मराठी समाजास अपरिचित नव्हते. मुंबईत मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलास जातीत परत घ्यावे की नाही, यावर 1843 साली मोठा वाद माजला. प्रायश्चित्त देऊन घ्यावे, या पक्षास बाळशास्त्री जांभेकर होते. तेथे शुद्ध ठरण्यापूर्वी काही करावे लागे, आणि ठरविणारा समाज असे. पौलाच्या उपपत्तीत या दोन्ही गोष्टी पालटतात.

नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीचे वर्णन लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. समाजाच्या निवाड्याची झळ सोसलेल्या या कवीने देवाच्या निवाड्याविषयी काय लिहावे, याची उत्सुकता साहजिक होय. परंतु तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या टिळकांच्या अभंगांत न्यायसभा क्वचितच दिसते. दिसते ती माउली आणि तिला बिलगलेले लेकरू. 1917 साली साताऱ्यास त्यांनी मांडला तो ‘देवाचा दरबार’ही निवाड्याचा नव्हे, भक्तांच्या मेळ्याचा. विश्वास म्हणजे भरवसा, हा अर्थ त्यांनी मराठीत पूर्णपणे रुजविला. निर्णयाचा अर्थ मात्र मागे पडला. हे वैगुण्य म्हणावे की इष्टापत्ती, याविषयी मतभेद संभवतो. प्रेमाची भाषा सोपी खरी. पण ज्यास आपला अपराध स्पष्ट दिसतो, त्यास प्रेमाबरोबर सुटकेचा शब्दही हवा असतो.

शरणागती आणि हा विश्वास एकच, असे समीकरण मांडण्याचा मोहही आवरला पाहिजे. आत्मनिवेदन ही भक्तीची नववी आणि अखेरची पायरी. पौलाचा विश्वास पहिल्या पायरीवरही पाय न टाकलेल्या माणसासाठी आहे. खुद्द ख्रिस्ती परंपरेतही हा प्रश्न सहज सुटला नाही. ल्यूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात ‘केवळ’ हा शब्द घातला, 1547 साली ट्रेंटच्या परिषदेने ‘केवळ विश्वासा’चा तसा अर्थ नाकारला, आणि 1999 साली आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथीय व कॅथलिक यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

उंब्रजच्या श्रोत्यास पौलाच्या पत्रांआधी लूकच्या शुभवर्तमानातील जकातदाराचा दृष्टान्त ऐकविणे अधिक सयुक्तिक ठरेल. उपास आणि दशांश यांचा हिशेब मांडणारा परूशी तसाच परततो. दूर उभा राहून ऊर बडविणारा जकातदार मात्र नीतिमान ठरून घरी जातो. त्याचे आचरण त्या क्षणापर्यंत सुधारलेले नसते.