35 हा आकडा आणि एक तक्रारअर्ज

वसईच्या त्या मुलीच्या खुनाबद्दल तुम्हाला काय आठवतं? बहुतेकांना आधी एक आकडा आठवतो: 35. मग फ्रिज, मग जंगल, मग आरोपीने म्हणे पाहिलेली एक अमेरिकन मालिका. नोव्हेंबर 2022मध्ये ज्यांचा फोन दिवसभर नोटिफिकेशनने वाजत होता, त्यांना फ्रिज किती लिटरचा होता हेही कदाचित सांगता येईल.

आता दुसरा प्रश्न. 23 नोव्हेंबर 2020 या दिवशी काय झालं होतं?

इथे आपण अडखळतो. त्या दिवशी त्याच मुलीने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. सोबत राहणारा माणूस सहा महिन्यांपासून मारतोय, आज त्याने गुदमरवून मारायचा प्रयत्न केला, मारून तुकडे करून फेकून देईन अशी धमकी देतोय, असं तिने लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात आता आमच्यात वाद उरलेला नाही, असंही तिने लिहून दिलं. तक्रार मिटली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार 18 मे 2022 रोजी दिल्लीत तिचा खून झाला आणि त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी, 12 नोव्हेंबरला, आरोपीला अटक झाली.

तिचं नाव तुम्हाला माहीत आहे. ते इथे मुद्दाम लिहीत नाहीये. त्या नावाचा एव्हाना सर्चचा शब्द झालाय, हॅशटॅग झालाय, निवडणुकीच्या भाषणातला दाखला झालाय. माणूस मात्र त्यातून कधीच निघून गेलाय.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. माध्यमांनी तो अर्ज लपवला नाही. अटकेनंतर दहा-बारा दिवसांत तो सगळीकडे झळकला. पण कसा? मथळा झाला तो अर्जातल्या ‘तुकडे’ या शब्दाचा. जणू तिने दोन वर्षं आधीच भाकीत केलं होतं! तक्रारअर्ज म्हणजे सरकारी यंत्रणेकडे केलेली मागणी असते. त्यावर तारीख असते, तो कुणाच्या तरी टेबलावर जातो, त्याचं पुढे काहीतरी होतं किंवा होत नाही. हे सगळं बाजूला पडलं आणि अर्ज त्याच 35च्या गोष्टीचा आणखी एक अंगावर काटा आणणारा तुकडा झाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अर्जावर कारवाई का झाली नाही याची चौकशी करू, असं सांगितलं. त्या चौकशीचं पुढे काय झालं, हे कुठल्या चॅनेलने रोज रात्री नऊला विचारलं? नार्को टेस्टमध्ये काय निघालं, हे मात्र रोज विचारलं जात होतं.

सनसनाटी म्हटलं की आपण अतिरेक समजतो: जास्त रक्त, जास्त आवाज, जास्त लाल अक्षरं. म्हणून तक्रारही तशीच करतो, की एवढं सगळं दाखवायची काय गरज होती. पण खरं नुकसान दाखवण्यातून होत नाही, त्याआड जे झाकलं जातं त्यातून होतं. फ्रिजकडे बघताना पोलीस ठाण्याकडे नजर जात नाही. मृतदेहाचं काय केलं याचा तपशील जितका वाढतो, तितका जिवंतपणी तिच्याबाबतीत काय होत होतं याचा कमी होतो. शिवाय खून जितका अघोरी, तितका तो आपल्यापासून लांबचा. हे राक्षसाचं काम, असं म्हटलं की शेजारच्या फ्लॅटमधून येणाऱ्या आवाजाशी त्याचा संबंध उरत नाही.

आणि मग त्या रिकाम्या जागेत इतर गोष्टी येऊन बसतात. या प्रकरणात दोन बसल्या. पहिली, मुलीचा निर्णय: डेटिंग ॲप, लिव्ह-इन, आईवडिलांचं न ऐकणं. केंद्रीय राज्यमंत्री कौशल किशोर यांनी तर आईवडिलांना सोडून अशा नात्यात जाणाऱ्या शिकलेल्या मुलींनाच जबाबदार धरलं. दुसरी, आरोपीचा धर्म. 13 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांबाबत एक समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ वगळलं, आंतरधर्मीय ठेवलं. महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी समितीचं समर्थन करताना याच प्रकरणाचा दाखला दिला. म्हणजे बघा, एका मुलीने पोलीस ठाण्यात जाऊन मला मारतात असं लिहून दिलं होतं, आणि तिच्या मृत्यूनंतर शासनाने ठरवलं ते काय, तर कोण कुणाशी लग्न करतंय याची माहिती गोळा करायची. ज्या गोष्टीची बातमी झाली, तिच्यावर समिती झाली.

‘लिव्ह-इन’ हा शब्द त्या दिवसांत किती वेळा पडद्यावर आला असेल, मोजदाद नाही. पण त्यासोबत एक साधी माहिती द्यायला फारसं कुणाला सुचलं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005चा कायदा लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही लागू होतो. ती संरक्षणाचा आदेश मागू शकते, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते. त्यासाठी कायद्यात संरक्षण अधिकारी नावाचं पद आहे. बातमी बघणाऱ्या लाखो मुलींपैकी काहींना तरी त्या रात्री ही माहिती हवी असणार. त्यांना मिळालं ते करवतीचं ग्राफिक.

दुसरीकडे, जे खून अघोरी नसतात त्यांचं काय होतं? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022मध्ये देशभरात महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची साडेचार लाखांच्या आसपास प्रकरणं नोंदली गेली. त्यात सर्वांत मोठा वाटा, 31.4 टक्के, पती किंवा त्याच्या नातेवाईकांकडून होणाऱ्या छळाचा. त्याच वर्षी 6 हजारांहून जास्त हुंडाबळी नोंदले गेले. यांची भाषा आपल्याला पाठ आहे. ‘सासरच्या जाचाला कंटाळून विवाहितेने जीवन संपवले.’ ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.’ ‘प्रेमप्रकरणातून तरुणीची हत्या.’ चार ओळी, आतलं पान. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ हा शब्दप्रयोग जरा थांबून वाचा. खुनाचं कारण बाईच्या चारित्र्याला चिकटवलेलं आहे आणि संशय घेणारा माणूस वाक्यातून गायब आहे. ‘प्रेमप्रकरणातून’मध्ये तर नकार दिलेल्या मुलीलाही प्रेमात सामील करून टाकलंय. म्हणजे एका टोकाला 35चा धुरळा आणि दुसऱ्या टोकाला चार ओळींची सवय. दोन्हीकडे बाई दिसते ती मेल्यानंतरच.

हे आजचं नाही आणि फक्त आपल्याकडचंही नाही. 1888मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही, पण ‘जॅक द रिपर’ म्हणून अमर झाला. तिथल्या ‘इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज’सारख्या साप्ताहिकांनी प्रेतांची चित्रं छापून अंक खपवले आणि त्या बायका वेश्या होत्या, हे सगळ्यांनी धरून चाललं. 2019मध्ये हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी ‘द फाइव्ह’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात खुनांचं वर्णन नाही. खुनी कोण, याची चर्चा नाही. आहेत त्या पाच बायका: कुणी स्वीडनमधून आलेली, कुणी गाडीवानाची बायको, कुणी जोडीदारासोबत गाणी छापून विकणारी. दारू, मोडलेले संसार, रात्रीच्या निवाऱ्यापुरते पैसे खिशात नसणं, हे सगळं नोंदींमधून उभं राहतं. पाचांपैकी तिघी वेश्या असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असं लेखिका सांगते. शेवटी येते ती त्यांच्याजवळ सापडलेल्या वस्तूंची साधी यादी.

हे पुस्तक आपल्या कामाचं आहे ते त्याने निवडलेल्या प्रश्नामुळे. ती कशी मेली, याऐवजी ती त्या रात्री रस्त्यावर का होती, असं ते विचारतं. आणि हा प्रश्न विचारला की उत्तरात खुनी येत नाही, शहर येतं: घरभाडं, कायदे, मजुरी, नवऱ्याला असलेली मुभा. सव्वाशे वर्षं जुन्या कागदांतून एकटी संशोधक हे काढू शकते, तर दोन वर्षं जुना अर्ज हातात असलेल्या न्यूजरूमना ते अवघड नव्हतं.

लगाम घालायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही. जानेवारी 2023मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने हिंसाचाराची विचलित करणारी दृश्यं दाखवू नका, अशी सूचना वाहिन्यांना केली. एप्रिल 2023मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या प्रकरणाच्या आरोपपत्रातला मजकूर दाखवायला वाहिन्यांना मनाई केली. दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या. पण मनाईने फार तर फ्रिज पडद्यावरून हटतो. त्याच्या मागे जे झाकलं गेलं होतं ते आपोआप पडद्यावर येत नाही. ते कुणीतरी जाऊन शोधावं लागतं, आणि आपण ते वाचावंही लागतं. व्ह्यूज आपलेच असतात.

संपादक म्हणतील, मारहाणीची तक्रार ही काही बातमी नाही, अशा रोज येतात. बरोबर आहे, रोज येतात. एखाद्या पोलीस ठाण्यात एका वर्षात अशा किती आल्या, त्यातल्या किती महिन्याभरात मागे घेतल्या गेल्या, मागे घेताना बाईशी एकटीशी कुणी बोललं का, संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं का, ही बातमी आहे. तिच्यात एकही मृतदेह नाही. ती 2020च्या डिसेंबरमध्ये तुळिंजमधून करता आली असती. ती आजही तुमच्या-माझ्या भागातल्या पोलीस ठाण्यातून करता येईल.