प्रामाणिक साक्षीदाराची खोटी आठवण

मराठी रहस्यकथेत आठवण येते ती पुरावा म्हणून. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (1964) आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई नवरा-बायकोतल्या खासगी गोष्टी सांगून वकिलाला आपण त्याचीच बायको असल्याचं पटवू पाहते. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (1962) फसवली गेलेली माणसं एकामागून एक येऊन लखोबा लोखंडेला ओळखतात आणि तो ठामपणे नाकारत राहतो. दोन्हीकडे प्रेक्षकाला एवढंच ठरवायचं असतं, की खरं कोण बोलतंय. पण माणूस मनापासून खरं सांगतोय आणि तरीही तसं घडलेलंच नाही, ही तिसरी शक्यता आपल्याकडे फार थोड्यांनी हाताळली. मनाचा थरार खरा सुरू होतो तो तिथून.

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर कादंबऱ्या लिहून मराठी माणसाला रहस्यकथेची चटक लावली. सुहास शिरवळकरांनी तिला तरुण भाषा दिली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मनाच्या अंधाऱ्या खोल्या उघडल्या, पण तिथे बहुधा भय राहत होतं. आठवणीचा तपास हा या कोणाचा मुख्य विषय नव्हता.

तो तपास सर्वांत जवळून केला छत्रपती संभाजीनगरच्या माणसांनी, आणि हे मी गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली. तिथल्याच प्रशांत दळवी यांचं ‘ध्यानीमनी’ हे नाटक चंद्रकांत कुलकर्णी यांनी आधी रंगमंचावर आणलं, पुढे 2017 मध्ये त्याचा चित्रपटही केला. घरात मोहित नावाचा मुलगा आहे. त्याचं खाणंपिणं, अभ्यास, रुसवेफुगवे, सगळं आईच्या बोलण्यात आहे. मुलगा मात्र नाही. नाटकात मला हादरवतो तो नवरा. बायकोच्या आठवणींना तो रोज दुजोरा देतो, तपशील पुरवतो, पाहुण्यांसमोर निभावून नेतो. एकट्या माणसाचा भ्रम लवकर उघडा पडतो, पण दोघांनी मिळून जपलेला भ्रम म्हणजे संसार होऊन बसतो. आठवण दुसऱ्याच्या होकाराने पक्की होते, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडलं गेलं असेल. डोळ्यांवर पट्टी बांधायला इथे कुणी खलनायक लागत नाही. माया पुरते.

पण ‘ध्यानीमनी’नंतर त्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही. आपल्या नाटक-मालिकांतला मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक वेळा शेवटच्या प्रवेशात येतो, आजाराचं नाव सांगतो आणि पडदा पडतो. एका एकांकिकेत मी पाहिलं, डॉक्टर टेबलामागे उभा राहून चार मिनिटं बोलतो आणि समोरची मुलगी मान खाली घालून ऐकते. खरं तर उलट हवं. त्या खोलीत बोलायचं असतं तिने. त्याचा एखादा प्रश्न जरा कलता पडला, की तिची आठवण कलते. नाट्य आहे ते तिथे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, एकमेकींवर ‘आदळून चुरा झाल्या’ तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? चित्रफितीत काच फुटलीच नव्हती. तरी ‘चुरा’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी काच पाहिल्याचं सांगितलं, ‘धडक’ ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

निशिकांत कामत यांच्या हिंदी ‘दृश्यम’ने (2015) नेमका हाच धागा पकडला. कथा मूळ मल्याळम, पण कामतांनी ती गोव्यात आणली तेव्हा तिचा नायक विजय साळगावकर आपल्या शेजारचाच वाटला. घरात झालेल्या खुनानंतर तो कुटुंबासह पणजीला जातो. मग बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, सिनेमागृहातला माणूस यांना पुन्हा भेटून बोलता बोलता एक तारीख पेरतो. चौकशीत ते साक्षीदार शपथेवर सांगावं तसं ठाम सांगतात. त्यांना घाबरवलेलं नाही, पैसे दिलेले नाहीत. म्हणूनच पोलीस अधिकारी मीरा देशमुख हतबल होते. हा चित्रपट मराठीत व्हायला हवा होता, ही खंत मला आजही आहे.

कारण याची सामग्री आपल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आहे. जबाब नोंदवताना साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर उतरतं ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’. मराठवाड्यातल्या बाईचं तुटक, रडतं बोलणं लेखनिकाच्या सलग वाक्यात शिरतं. वर्षांनी कोर्टात तिला ते वाचून दाखवतात तेव्हा तिला स्वतःचं काय आठवतं आणि कागदाचं काय? पुण्याच्या सत्र न्यायालयाने 2008 मध्ये एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींवरून ‘अनुभवाची आठवण’ शोधणाऱ्या चाचणीचा अहवाल आरोपीविरुद्ध विचारात घेतला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. आठवणीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे येऊन गेला. आपल्या नाटकाने तो अजून नीट उचललेला नाही.

शहरात एकांकिका लिहिणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. संमोहनाचा लोलक आणि शेवटचं भाषण बाजूला ठेवा. एखाद्या तपास अधिकाऱ्याला विचारा, जबाब कसा घेता. एखाद्या समुपदेशकाला विचारा, कोणता प्रश्न तुम्ही मुद्दाम विचारत नाही. त्या दोन उत्तरांमधून पहिला प्रवेश लिहायला घ्या.